बजावणी

"अहो, ती मधली तार उतरलीय," रंभा ओट्यावरून म्हणाली. "मघापासून कानाला टोचतेय."

हरेश्वरचा हात थांबला. तो आतल्या खोलीत खुर्चीवर, मांडीला गिटार लावून बसला होता. समोरच्या स्टुलावर मोबाइल, मोबाइलमध्ये गॉडफ्रे सरांनी दिलेला धडा. रंभा बाहेर करंदी सोलत होती. मध्ये भिंत होती, शेजारी मिक्सर घरघरत होता, आणि तरी बाईला तार ऐकू आली होती.

"कोणती मधली?"

"एकेक वाजवा बघू. ही नाय... ही पन नाय... हां, ही. जरा खाली बसलीय."

त्याने मोबाइलवरचा ट्यूनर उघडून तार छेडली. काटा मध्यावर येता येता डावीकडेच अडकला. त्याने खुंटी किंचित पिळली तसा काटा सरळ झाला.

"आता?"

"आता बरी."

हरेश्वर मोठ्याने हसला. दुसऱ्या दिवशी कोर्टात चहाच्या वेळी त्याने ही गोष्ट सगळ्यांना रंगवून सांगितली. "आमच्याकडे दोन ट्यूनर आहेत. एक मोबाइलमधला आणि एक ओट्यावरचा." सगळे हसले, तोही पुन्हा हसला. तेव्हा त्याला हसू येत होतं.

हरेश्वर भोईर वसईच्या कोर्टात बेलिफ होता. समन्स आणि नोटिसा ज्याच्या त्याच्या हातात नेऊन देणं ही त्याची नोकरी. कोर्टाच्या भाषेत याला बजावणी म्हणतात. सकाळी स्कूटरच्या डिकीत कागद टाकून तो निघे आणि अर्नाळ्यापासून नायगावपर्यंतच्या वाड्या, चाळी, नव्या नव्या बिल्डिंगा पालथ्या घाली. समन्स म्हटलं की माणसं दडतात. बाई दारात येऊन सांगते, घरात कोणी नाही, आणि त्याच वेळी मागच्या दाराने चपला वाजतात. हरेश्वर मग वाद घालत बसायचा नाही. समोरच्या पारावर बसून राहायचा. माणूस कधीतरी घरी येतोच. दारापर्यंत न जाता, समोरच्याला न विचारता 'घेण्यास नकार' असा शेरा त्याने उभ्या नोकरीत मारला नव्हता. ज्याचा कागद त्याच्या हातात पडला पाहिजे, पुढचं काय ते न्यायाधीश बघतील, असं तो म्हणायचा. त्याला या गोष्टीचा अभिमान होता. मिरवावं असं आयुष्यात दुसरं फारसं काही नव्हतं.

नाही म्हणायला एक इच्छा होती. विशीत असताना पापडीच्या रॉबर्टच्या लग्नाला तो गेला होता. मांडवात बँड होता, आणि बँडमध्ये एकजण गिटार वाजवत होता. हरेश्वर जेवण सोडून त्याच्या समोर उभा राहिला. त्या माणसाचा चेहरा त्याला पुढे कधी आठवला नाही, पण त्याचा डावा हात मात्र लख्ख आठवत राहिला. तारांवरून तो असा फिरत होता की जणू त्या बोटांना हाडंच नव्हती. घरी येऊन त्याने वडिलांकडे विषय काढला. वडील मिठागरावर जायचे. ते फक्त म्हणाले, "आनि मग?" पुढे नोकरी लागली, लग्न झालं, निधी झाली. निधीने कॉलेजात असताना एक गिटार घेतली, दोन महिने ट्यांव ट्यांव करून कपाटावर टाकली आणि नोकरीला पुण्याला निघून गेली.

पन्नाशी ओलांडल्यावर एका रविवारी हरेश्वरने गिटारची ती काळी बॅग खाली काढली, पुसली आणि माणिकपूरला गॉडफ्रे सरांच्या क्लासला जाऊन नाव घातलं.

क्लास स्टेशनजवळच्या गल्लीत एका दुकानाच्या माडीवर होता. शिकणारी सगळी कॉलेजची पोरं, आणि एक निवृत्त पोस्टमास्तर. गॉडफ्रे सर पापडीचे. साठीचे, पोट सुटलेले, पण गिटार हातात आली की पंचविशीचे. हरेश्वरवर त्यांचा लोभ होता. बोटांना घट्टे पडले, फुटले, पुन्हा पडले, तरी हा माणूस एक शनिवार चुकवत नव्हता. फक्त एक गोष्ट त्याला जमत नव्हती. 'एफ' कॉर्ड धरायची तर पहिलं बोट आडवं टाकून सगळ्या तारा एकदम दाबाव्या लागतात. हरेश्वरने दाबल्या की दोन तारा मुक्या राहत आणि बाकीच्या कुरकुरत.

"भोईरसाहेब," गॉडफ्रे सर म्हणायचे, "हे कोर्ट नाय. इकडे पुढची तारीख मिळनार नाय. एफ आजच पायजे!"

पोरं हसायची. हरेश्वरही हसायचा आणि घरी येऊन पुन्हा दाबत बसायचा.

एका दुपारी त्याला उमेळ्यातच, म्हणजे स्वतःच्याच गावात, एक नोटीस द्यायची होती. ती दिली आणि आलोच आहोत तर घरी जेवून जाऊ म्हणून त्याने स्कूटर वळवली. फाटकाशी येतो तो आतून गिटारचा आवाज. निधी आली, न सांगता आली, असंच त्याला वाटलं. तो घाईने ओटा चढला.

आत रंभा खाली चटईवर बसली होती. मांडीवर गिटार, शेजारी परातीत मोगऱ्याच्या कळ्या. ती गजरे ओवून माणिकपूरच्या फुलवाल्याला द्यायची. आज कळ्या तशाच पडल्या होत्या. एका तारेवर, एकेक सूर शोधत, ती काहीतरी वाजवत होती. दोन क्षणांनी हरेश्वरला ओळख पटली. तो धवला होता. रंभाची आई जूचंद्रची धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून वरात येईपर्यंत प्रत्येक विधीला गाणं म्हणणारी बाई. ती गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली होती.

त्याची सावली पडली तशी रंभा दचकली. चोरी पकडल्यासारखी गिटार खाली ठेवायला लागली.

"अगं, वाजव की."

"नाय हो, ते असंच. आयेचं गानं आठवलं म्हनून." तिचा चेहरा लाल झाला होता. "ओरडनार नाय ना?"

"ओरडायला काय झालं? हे बघ, बोट असं नाही धरायचं. थांब, दाखवतो."

तो तिथेच, बाहेरच्या कपड्यांत, चटईवर बसला. त्या दिवशी जेवण राहिलं.

पुढचा महिना त्यांच्या संसारातला फार चांगला महिना होता. संध्याकाळी तो कोर्टातून आला की चहा व्हायचा आणि मग दोघं ओट्यावर बसायची. तारांची नावं, डाव्या हाताची बोटं, उजव्या हाताचा ठेका, जे जे त्याने अडखळत मिळवलं होतं ते तो तिला सांगायचा. सांगताना त्याचा आवाज गॉडफ्रे सरांसारखा व्हायचा. "अंगठा, रंभा, अंगठा!" ती मान हलवायची. इतक्या वर्षांत तिने त्याच्याकडून काही शिकावं असं त्याच्याकडे कधी नव्हतंच. रात्री अंथरुणावर पडताना तो एकटाच हसायचा.

मग एका रविवारी सकाळी तो अंघोळ करत असताना बाहेर एफ वाजली.

पूर्ण वाजली. एकही तार मुकी नाही, कुरकुर नाही, भरलेल्या हंड्यासारखा गोल आवाज. हरेश्वरच्या हातातला तांब्या तसाच राहिला. एकदा चुकून लागली असेल, असं तो मनाशी म्हणतोय तोवर ती पुन्हा वाजली. मग तिसऱ्यांदा, मग इतर कॉर्डच्या रांगेत, जाता जाता, सहज.

तो टॉवेल गुंडाळून बाहेर आला. "कशी केलीस?"

"काय?"

"एफ."

"ही का?" तिने पुन्हा धरली. "बोट सपाट नाय ठेवायचं, जरा कुशीवर वळवायचं. आनि अंगठा मागून खाली घ्या तुम्ही. तुमचा वर येतो."

ती हे अगदी साधेपणाने बोलली, आमटीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. त्याने करून बघितलं. कुशीवर वळवलं, अंगठा खाली घेतला. दोन तारा मुक्याच राहिल्या.

"येईल हळूहळू," रंभा म्हणाली.

हे वाक्य त्याचं होतं. महिनाभर तो तिला हेच म्हणत आला होता. ते तिच्या तोंडून ऐकल्यावर त्याच्या छातीत काहीतरी बारीक, टोकदार असं रुतलं आणि तिथेच राहिलं.

हेवा ही गोष्ट हरेश्वरला नवी नव्हती. मेव्हण्याने घर बांधलं तेव्हा, सोबत नोकरीला लागलेला माणूस वरच्या पदावर गेला तेव्हा त्याने तो भोगला होता. पण ते सगळं रात्री रंभाला सांगता आलं होतं. ती म्हणायची, "जाऊ द्या, आपलं काय वाईट हाय?" आणि ते उतरायचं. आता हेवा रंभाचाच होता. तो सांगायचा कुणाला?

तो सांगितला नाही म्हणून वागण्यातून बाहेर पडू लागला. एक दिवस तो गिटार स्कूटरला अडकवून कोर्टात घेऊन गेला. दुपारच्या सुट्टीत सराव करतो म्हणाला. तिथे ती दिवसभर कपाटाच्या मागे उभी राहिली. एक दिवस म्हणाला, "तारा फार झिजतात, उगाच वाजवू नकोस." रंभा बरं म्हणाली आणि दोन दिवस हात लावला नाही. त्या दोन दिवसांत त्याने एफ धरायचा जिवापाड प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी तो घरी आला तर ती पुन्हा चटईवर, आणि आता धवल्यातल्या एका जागी ती तार दाबून थोडी बाजूला ओढत होती. सूर ताणून वर चढायचा आणि आजीबाईच्या गळ्यासारखा कापायचा. अंगावर शहारा यावा असं काहीतरी.

"हे काय करतेस?"

"आये तिथे आवाज असाच ओढायची. तो सूर इथे घरातच नाय," ती गिटारच्या पट्ट्या दाखवत म्हणाली, "दोन घरांच्या मधे हाय. म्हनून ओढून आनते."

हरेश्वरने तिचं बोट कुठे, किती सरकतं ते बघून घेतलं. शनिवारी क्लासमध्ये सगळ्यांनी आपापलं काहीतरी वाजवायचं होतं. त्याची पाळी आली तेव्हा त्याने साधीच धून वाजवली आणि शेवटच्या सुराला तार ओढली. तेवढी एक गोष्ट त्याला चोरून चोरून जमली होती.

गॉडफ्रे सर खुर्चीत पुढे सरकले. "अरे वा! हे कुनी शिकवलं? मी तर अजून घेतलं नाय."

"असंच," हरेश्वर म्हणाला. "घरी बसवलं."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्याचे कान तापले. आनंद झाला नाही असं मात्र म्हणता येणार नाही.

दिवाळी उलटली. एका संध्याकाळी तो घरी आला तेव्हा रंभा म्हणाली, "तुमचे सर येऊन गेले. गावात कोनाकडे तरी बारसं होतं. चहा घेतला, बसले जरा. बरा मानूस हाय." एवढंच. गजरे बांधता बांधता तिने विषय बदलला.

शनिवारी तो माडी चढून आत आला तर गॉडफ्रे सर त्याचीच वाट बघत होते.

"भोईरसाहेब! गिटार तुम्ही शिकता का तुमच्या मिसेस?"

त्याला आधी कळलंच नाही.

"अहो, मी फाटकात पाच मिनिटं उभा होतो. हालता येईना. काय हात आहे! आनि ती तार ओढायची गंमत..." त्यांनी बोट नाचवलं. "ती तुमची नव्हे, त्यांची. बरोबर? छुपे रुस्तम!"

सर थट्टेने बोलले होते. त्यांच्या मनात काही नव्हतं. पण पोरं हसली, आणि पोस्टमास्तर चष्म्यावरून बघत राहिले. हरेश्वरने हसल्यासारखं केलं.

"डिसेंबरात आपला प्रोग्राम आहे ना पापडीच्या हॉलमध्ये," सर पुढे म्हणाले, "त्यात त्यांचा एक पीस पायजे. एकट्यांचा. तिकडे बोलायचं सुचलं नाय, घरी जाताना सुचलं. त्यांना सांगा. पुढच्या शनिवारी प्रॅक्टिसला घेऊनच या."

"सांगतो," हरेश्वर म्हणाला.

घरी जाताना त्याने सांगायचं ठरवलं होतं. स्कूटर लावतानाही ठरलेलंच होतं. रंभा दारात आली, त्याच्या पाठीवरची बॅग घेतली आणि म्हणाली, "काय झालं क्लासात?"

"काही नाही," तो म्हणाला. "नेहमीचंच."

पुढच्या शनिवारी सरांनी विचारलं. "ती नाही म्हणते," हरेश्वर म्हणाला. "लाजते. बाईमाणूस, स्टेज वगैरे..." त्याच्या पुढच्या शनिवारी सरांनी पुन्हा विचारलं तेव्हा तो म्हणाला, "फुलांचं काम फार आहे सध्या. तिला जमणार नाही." ही वाक्यं इतक्या सहज आली की त्याचं त्यालाच नवल वाटलं. मग सरांनी विचारणं सोडलं. शेवटी त्याला, पोस्टमास्तरांना आणि सहा पोरांना मिळून एक गाणं बसवायला दिलं. हरेश्वर दुसऱ्या ओळीत. त्याच्या वाट्याच्या कॉर्डमध्ये एफ नव्हती, सरांनीच काढून टाकली होती.

त्या आठवड्यातलीच गोष्ट. तो कोर्टातून आला तेव्हा रंभा ओट्यावर नुसतीच बसली होती. हातात फुलं नाहीत, काही नाही. त्याने चपला काढल्या, पाय धुतले. चहा आला नाही.

"गॉडफ्रे सर भेटले," ती म्हणाली. "मी फुलं द्यायला गेले होते तिथे."

हरेश्वर टॉवेलने हात पुसत राहिला.

"म्हनाले, ताई, तुम्ही नाय म्हनालात, वाईट वाटलं. मी म्हटलं, कशाबद्दल नाय म्हनाले मी?" ती थांबली. "तर त्यांचाच चेहरा पडला. मग त्यांनी सगळं सांगितलं."

"तुला जमलं नसतं, रंभा. स्टेजवर एवढ्या लोकांसमोर..."

"मला विचारलंत?"

त्याने टॉवेल दोरीवर टाकला.

"नाय, मी विचारते तुम्हाला. तुम्ही समन्स घेऊन जाता. दारापर्यंत न जाताच 'घेतलं नाय' असं लिहिता का?"

आवाज चढला नव्हता. शेजारी ऐकू जाऊ नये एवढी काळजी तिने अजूनही घेतली होती. हरेश्वर ओट्याच्या पायरीवर बसला. समोर खाडीच्या बाजूने बगळे गावाकडे परतत होते. तो त्यांच्याकडे बघत राहिला, कारण तिच्याकडे बघणं शक्य नव्हतं.

"मला बघवत नव्हतं," तो म्हणाला.

"काय?"

"तुला येतं ते."

रंभाने ऐकून घेतलं. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं म्हणूनच सर येऊन गेले त्या दिवशी तिने वाजवल्याचं सांगितलं नव्हतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि माणसाने तोंडाने म्हणणं वेगळं.

"बाहेरच्या कोनी असं केलं असतं तर मी तुम्हाला येऊन सांगितलं असतं," ती म्हणाली. "आता कोनाला सांगू?"

मग ती उठली. "मी वाजवनार हाय. सरांना सांगून आले."

"शनिवारी मी सोडतो तुला."

"नको. रिक्षा मिळते."

घरात गिटार एकच. शनिवारी सकाळी रंभा ती पाठीला लावून, पदर खोचून, फाटकातून बाहेर पडायची. हरेश्वर तासाभराने स्कूटरवरून रिकाम्या हाताने जायचा. समूहाच्या गाण्यासाठी सरांनी त्याला क्लासमधली एक जुनी गिटार दिली होती. त्याला सगळ्यांत जास्त याचंच वाटायचं की सर एका शब्दाने बोलले नाहीत. पूर्वीसारखे "भोईरसाहेब" म्हणत राहिले. फक्त तारखेचा विनोद बंद झाला.

घरी दोघं बोलत होती. भाजी काय आणायची, निधीचा फोन आला का, बिल भरलं का. रंभा रागावलेली नव्हती. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती त्याच्या समोरच सराव करायची, लपवायची नाही, पण एखादा तुकडा छान लागला तर पूर्वी ती त्याच्याकडे बघायची, तशी आता बघत नव्हती. हरेश्वर वर्तमानपत्र समोर धरून ऐकायचा. त्याला वाटलं होतं, एकदा तोंडाने कबूल केलं की हेवा जाईल. तो गेला नाही. फक्त त्याला आता लाजेची सोबत झाली.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मात्र रंभा आपणहून म्हणाली, "रात्री परत येताना रिक्षा मिळनार नाय. तुम्ही नेता?" आणि तो तिला स्कूटरवर घेऊन निघाला. वळणावर तोल जायला लागला तेव्हा तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि रस्ता सरळ झाल्यावर काढून घेतला.

हॉल भरला होता. नाताळ जवळ आला होता, दारात चांदण्या लावल्या होत्या. समूहाचं गाणं आधी झालं. हरेश्वरने आपल्या कॉर्ड नीट वाजवल्या. कुठेही चुकला नाही. कुणाच्या ते लक्षात यायचं काही कारण नव्हतं.

मग सरांनी नाव पुकारलं, "रंभा भोईर", आणि ती जांभळ्या साडीत येऊन खुर्चीवर बसली. हरेश्वर पडद्याच्या कडेला उभा होता. तिथून तिचा डावा हात दिसत होता.

तिने धवला लावला. आधी एकट्या तारेवर, मग खालून कॉर्ड भरत. तिचं ऐकायला गावातल्या तीन-चार बायका आल्या होत्या. त्या पुढच्या रांगेत बसल्या बसल्या ओठ हलवायला लागल्या. पापडीच्या ख्रिस्ती म्हाताऱ्या शेजारी माना डोलवत होत्या. त्यांना शब्द माहीत नव्हते, पण लग्नघरातलं गाणं ओळखायला शब्द लागत नाहीत. हरेश्वर ऐकत होता, आणि ऐकता ऐकता तिच्या चुकण्याची वाट बघत होता. हे त्याला स्वतःला कळत होतं आणि थांबवता येत नव्हतं. मध्यावर तिचं बोट खरंच घसरलं. एक सूर बोथट पडला. हरेश्वरला आनंद झाला. अगदी स्वच्छ, लहान मुलासारखा आनंद. तो क्षणभरच टिकला. रंभाने तोच बोथट सूर पकडला, ओढला, ओढत ओढत जागेवर आणला, आणि सगळ्या हॉलला वाटलं की ते तसंच असायचं होतं. ते तसं नव्हतं हे तिच्याखेरीज तिथे फक्त एकालाच माहीत होतं. तोच एवढं लक्ष देऊन ऐकत होता.

टाळ्या बराच वेळ चालल्या. हरेश्वरनेही वाजवल्या. तळहात दुखेपर्यंत वाजवल्या.

नंतर बायकांनी तिला गराडा घातला. गॉडफ्रे सरांची बायको, ग्लोरिया, तिचे हात हातात घेऊन म्हणाली, "कुठे शिकलात हो तुम्ही? आमच्या क्लासमध्ये तर कधी दिसला नाहीत."

हरेश्वर चार पावलांवर होता. तो श्वास धरून थांबला.

"घरी," रंभा म्हणाली.

तेवढंच म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं. ग्लोरिया हसली, दुसऱ्या कुणीतरी दुसरं काही विचारलं आणि ते तिथेच राहिलं. हरेश्वर एका बाजूला जाऊन खुर्च्या भिंतीला लावायला मदत करू लागला.

"चला, चला, फोटो!" गॉडफ्रे सरांनी हाळी दिली. "वाजवनारे सगळे स्टेजवर!"

पोरं उड्या मारत चढली. पोस्टमास्तर कॉलर सारखी करत चढले. रंभाला सगळ्यांनी धरून मध्ये बसवलं, गिटार तिच्या मांडीवर उभी दिली. हरेश्वर डाव्या टोकाला जाऊन उभा राहिला. सरांनी मोबाइल काढला, इकडे तिकडे बघितलं. हॉल रिकामा होत आला होता. बायका चपला शोधत होत्या. जवळात जवळ टोकाचा माणूस हरेश्वरच होता.

"भोईरसाहेब, जरा काढता? फक्त एक. मग दुसरा कोनी काढेल."

"काढतो की," तो म्हणाला आणि मोबाइल घेऊन खाली उतरला.

त्याची जागा लगेच भरली. सर स्वतः तिथे येऊन उभे राहिले. हरेश्वर मागे मागे सरकत गेला, दोन रांगा ओलांडून, सगळे पडद्यावर मावेपर्यंत. मध्यभागी रंभा होती. बाकीचे मोबाइलकडे बघत होते. ती मोबाइलच्या वर, त्याच्याकडे बघत होती. बऱ्याच दिवसांनी बघत होती. मग तिने टोकाच्या जागेकडे नजर टाकली आणि ती उठायला लागली.

"अहो, तुम्ही..."

"हलू नकोस," तो म्हणाला. "बस. उजवीकडचे जरा आत या. पोस्टमास्तर, मान वर."

ती बसली. त्याने बटण दाबलं. हात हलला नव्हता. तरी खात्री असावी म्हणून त्याने आणखी एक काढला.

"आले का सगळे?" गॉडफ्रे सरांनी स्टेजवरून विचारलं.

हरेश्वरने फोटो उघडून बघितला. दोन बोटांनी मोठा केला, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक चेहरा तपासला.

"आले," तो म्हणाला. "सगळे आले."